न केलेल्या पापाची माफी

ग्रेमा आमच्या गल्लीत राहायला आला त्याच दिवशी मी म्हटलं होतं, हा माणूस जरा जास्तच गप्प आहे. गप्प माणसांचं मला वावडं आहे. माझा चवळीच्या भज्यांचा धंदा. कढईपुढे बसलेल्या बाईला लोक मनातलं काय वाटेल ते सांगून जातात, आणि जो सांगत नाही त्याच्या पोटात काहीतरी आहे, असं मी धरूनच चालते. आमच्या मैदुगुरी शहरात जे भाबडे होते ते बॉम्बस्फोटांत कधीच गेले, कुणी बाजारात, कुणी मशिदीत, कुणी बसतळावर. उरलो ते आम्ही संशयी. माझ्या कढईजवळ पिशवी ठेवून कुणी दोन पावलं लांब गेलं, तर मी अजूनही झारा उगारून ओरडते, "ए, तुझी पिशवी तुझ्या मांडीवर ठेव."

ग्रेमा तळ्याकडचा. बापाची कांद्याची शेती होती, गावात दोन विहिरी होत्या, बायको होती. रानातल्यांनी गाव जाळलं तेव्हा बायको आणि मुलगी घेऊन तो शहरात पळून आला. रानातले म्हणजे कोण ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. दाढ्या वाढवून, बंदुका घेऊन, देवाचं नाव घेत गावंच्या गावं कापणारे. निर्वासितांच्या वस्तीत तापाने बायको गेली. मग हा उंच, वाकलेला माणूस आणि त्याची मुलगी यागाना आमच्या गल्लीच्या टोकाच्या खोलीत आले.

धंदा त्याने टोप्या धुण्याचा धरला. आमच्याकडे पुरुषाची अब्रू टोपीत असते. अंगरखा फाटका चालेल, टोपी मात्र भरतकामाची आणि ताठ हवी. अशी टोपी कुणीही धुवायची म्हटली तर तिचं फडकं होतं. ती हलक्या हाताने चोळायची, खळ द्यायची आणि नेमक्या मापाच्या भोपळ्यावर चढवून वाळवायची. ग्रेमाच्या दारात भोपळ्यांची रांग असायची आणि त्यांवर टोप्या. लांबून पाहिलं की माणसं गळ्यापर्यंत पुरल्यासारखी दिसत. मला ते कधीच आवडलं नाही. पण काम चोख होतं, आणि यागाना टोप्यांवर असं बारीक भरायची की मशिदीतले म्हातारे एकमेकांच्या डोक्याकडे बघत बसायचे.

यागानाची सोयरीक मीच जमवली. मुलगा उमारा, हातगाडीवर पाण्याचे डबे घेऊन घरोघर पाणी विकणारा. गाडी त्याची नव्हती, भाड्याची होती. पण मुलगा सरळ होता आणि यागानाच्या दारात पाणी ओतताना त्याला जरा जास्तच वेळ लागतो, हे मी कढईमागून रोज बघत होते. त्याची आई हज्जा कारू. नाव हज्जा, पण हजला काही ती गेली नव्हती. तिचा नवरा कचल्ला सुक्या मासळीचा व्यापारी. काउवारीच्या बाजारावर हल्ला झाला त्यात तो गेला. प्रेत आलं तेव्हा त्याच्या मुठीत कापडाचा तुकडा होता, कुणाच्या तरी सदऱ्याची फाटलेली बाही. कारू ते सगळ्यांना सांगायची. "माझा माणूस मेंढरासारखा मेला नाही. मारणाऱ्याला धरून मेला." बाही मात्र तिने कुणाला दाखवली नाही. ती तिच्या पेटीत होती.

सुपारीसारखे कोलाचे दाणे वाटले, गोड बोलणं झालं. आता राहिली नवरीची खोली. आमच्यात नवऱ्याने भिंती द्यायच्या आणि आतलं सगळं नवरीच्या घरच्यांनी भरायचं. पलंग, कपाट आणि भिंतीला टेकून छताला भिडतील एवढी भांड्यांची चळत. ज्या पोरीची चळत खांद्याइतकीच, ती जन्मभर मान खाली घालून वावरते. हे काम आईचं. यागानाला आई नव्हती. ग्रेमाकडे होते भोपळे.

पाऊस सुरू व्हायच्या आधी तो माझ्याकडे आला. भजी घेतली नाहीत. म्हणाला, "याकुरा, मी दमातुरूला भावाकडे जातो. कांद्याचं काम आहे. पोरीकडे लक्ष ठेव."

"भाऊ? आजवर कधी भाऊ काढला नाहीस तो?"

"आहे एक."

"आणि पावसाआधी कांद्याचं कसलं काम?"

तो हसला आणि निघून गेला. माझ्या मनात पाल चुकचुकली, ती तेव्हापासून. सगळा पावसाळा तो आला नाही. बाजरी कापून झाली आणि एके दिवशी मालट्रकमधून उतरला. आधी मी त्याला ओळखलंच नाही, कारण तो अंगाने भरला होता. उपासमारीच्या दिवसांत आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा सुकली होती आणि हा गालांनी वर आला होता. खांद्यावर गादीची वळकटी, डोक्यावर नवंकोरं शिलाई मशीन. आणि पायांत त्या चपला.

त्या चपलांबद्दल सांगायला हवं. रानातले शरण आले की सरकार त्यांना माफी देतं. भिंतीआडच्या एका छावणीत त्यांना काही महिने ठेवतात, खाऊपिऊ घालतात, धंदा शिकवतात आणि निघताना हत्यारं देतात. म्हणजे धंद्याची हत्यारं, दुसरी ते घेऊनच आलेले असतात. कुणाला मशीन, कुणाला न्हाव्याची पेटी. आणि सगळ्यांना सारख्याच चपला, करड्या रबराच्या, पिवळ्या पट्ट्याच्या. ज्यांची घरं जळाली त्यांना काय मिळालं? रांग. अख्ख्या शहराला त्या चपला ओळखू येतात. ज्यांना मिळतात ते पहिल्याच दिवशी गटारात फेकून अनवाणी घरी येतात. ग्रेमाने फेकल्या नाहीत. नव्या चपला फेकून द्यायचं त्याच्याच्याने झालं नसणार.

शुक्रवारी मशिदीबाहेर त्या चपला ओळीत दिसल्या. माझ्या कढईवरून ती ओळ सरळ दिसते. जो येई तो आपल्या वहाणा त्यांच्यापासून हातभर लांब काढी. आत काय झालं ते मी पाहिलं नाही, पण बाहेर येताना ग्रेमाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे टोप्या येईनात. ज्या टोपीने डोकं झाकून देवापुढे वाकायचं ती असल्या हातांत कोण देणार? यागानाने भरलेल्या टोप्याही एकेक करून परत आल्या. नव्या मशीनवर त्याने चादरी शिवायला घेतल्या, तर त्या विकत घ्यायला कुत्रं फिरकेना.

मी यागानाला आडून विचारलं, "बाप कुठे होता, पोरी?"

"दमातुरूला."

"दमातुरूला मशिनी झाडाला लागतात?"

ती उठून आत गेली. तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांत बापाची भीती होती, ती मी पाहिली. रात्रभर एका खोलीत झोपायचं आणि शेजारी कोण झोपलंय ते माहीत नाही. मला तिची दया आली.

आमच्या वस्तीचा मुखिया, त्याला आम्ही बुलामा म्हणतो, त्याचा भाचा त्या छावणीत बाजरीची पोती टाकायचा. त्याने सांगितलं, होय, हाच तो. टोप्या धुणारा म्हणून तिथेही ओळखत होते. आणि माझ्या कानात वेगळं सांगितलं, की चौकशीच्या वेळी याने काउवारीच्या बाजाराचं नाव घेतलं होतं. हल्ल्यात होतो म्हणाला होता. मी ते माझ्याजवळ ठेवलं नाही. असलं काही मी कधी ठेवून घेत नाही.

बुलामाने बैठक बोलावली ती माझ्याच ओट्याजवळ, कडुलिंबाखाली. हज्जा कारू डोक्यावरचा पदर घट्ट आवळून बसली होती. तिच्या मागे उमारा, मान खाली. ग्रेमा आला आणि उभाच राहिला. यागाना त्याच्या मागे भिंतीला धरून.

"ग्रेमा," बुलामा म्हणाला, "सरकारने माफी दिली असेल तर आम्ही कोण? पण इथे लग्न ठरलंय. या बाईला उत्तर दे. तू काउवारीत होतास?"

"होतो."

 कारूने कोलाचे दाणे बांधलेली पुरचुंडी काढून जमिनीवर ठेवली. सोयरीक मोडली.

"पण मी कांदे विकायला होतो," ग्रेमा म्हणाला. "मी रानातला नाही. मी कधीच नव्हतो."

कुणीतरी हसलं. बुलामा म्हणाला, "म्हणजे सरकारने चुकून मशीन दिलं?"

"नाही. मी खोटं बोलून घेतलं."

मग तो गप्प माणूस बोलायला लागला आणि थांबेना. खोली भरायची होती. पोरीची चळत उभी करायची होती. निर्वासितांच्या रांगेत त्याला इतक्या वर्षांत एक चादर मिळाली होती, आणि माणसं मारलेल्यांना मशिनी मिळत होत्या, हे तो रोज बघत होता. म्हणून तो शहराबाहेर गेला, कपडे फाडले, डोक्यात माती चोळली, दोन दिवस झुडपांत उपाशी राहिला आणि शरण येणाऱ्यांचा एक जथा रस्त्याने निघाला होता त्याच्या शेपटीला हात वर करून लागला. कुणी ओळख विचारली नाही. सगळेच मळलेले, सगळेच भुकेले. भुकेला माणूस कुठल्या बाजूचा, हे कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं?

"छावणीत एकेकाला विचारत होते, तू काय काम करायचास," ग्रेमा म्हणाला. "माझ्या पुढचा म्हणाला, मी स्वयंपाकी होतो. त्याच्या पुढचाही स्वयंपाकी. सगळेच स्वयंपाकी."

"मग काय रानात जेवणावळी घालत होते?" मी म्हटलं. न राहवून.

"मला वाटलं, स्वयंपाक्याला काय देतील? एखादी पळी देतील. मला मशीन हवं होतं. मी म्हणालो, मी लढायचो."

 ज्यांनी गळे कापले ते स्वयंपाकी म्हणवून सुटले, आणि ज्याने आयुष्यात कोंबडीसुद्धा शेजाऱ्याकडून कापून घेतली तो एकटा लढवय्या निघाला. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. पण पाल अजून चुकचुकतच होती. खोटं इतकं सफाईने बोलता येणारा माणूस आत्ता खरं बोलतोय कशावरून?

"कुठल्या हल्ल्यात, असं विचारलं," तो म्हणाला. "मला एकच ठाऊक होता. ज्यात मी लपलो होतो तो. तोच सांगितला. मोटारसायकली कुठून आल्या, आधी कुणावर झाडल्या, सगळं बरोबर सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं."

कारू पहिल्यांदा बोलली. "माझा माणूस कुठे पडला?"

"मालट्रकखाली. चाकापाशी." ग्रेमाने तिच्याकडे पाहिलं नाही. "मी त्याच्या शेजारी होतो, हज्जा. त्याला मांडीत गोळी लागली होती."

"मारणाराही हे सांगू शकतो," मी म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

"त्याच्या हातात बाही होती," कारू म्हणाली. "सांग, कसली?"

"निळी. पांढऱ्या उभ्या रेघांची. माझी."

कारूचा चेहरा राखेसारखा झाला. रंग बरोबर होता हे सगळ्यांना दिसलं.

"म्हणजे तो तुला धरत होता," ती म्हणाली. "झुंजत होता."

तिथे ग्रेमाला हो म्हणता आलं असतं. नाही, हो म्हटलं असतं तर खुनी ठरला असता. पण मधलाही रस्ता होता. कचल्लाने मला वाचवलं म्हणायचं, देवाचं नाव घेत गेला म्हणायचं. विधवेला असं काहीतरी ऐकायचंच असतं, आणि सोयरीक तिथल्या तिथे सांधली गेली असती. मी डोळ्यांनी त्याला खुणावतही होते. तो भोपळ्यासारखा मख्ख उभा.

"नाही, हज्जा. तो म्हणत होता, मला सोडून जाऊ नकोस. मी हिसका दिला आणि पळालो. बाही त्याच्याकडे राहिली."

त्या क्षणी माझा संशय गेला. खोटं बोलणारा माणूस स्वतःसाठी एवढं वाईट सोंग निवडत नाही. कारूचाही गेला असणार, कारण ती पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत होती.

"तू खुनी नाहीस," ती म्हणाली. "बुलामा, तू ऐकलंस. हा खुनी नाही, हे मीच सांगते." मग ती उठली. "मारणाऱ्याने माझ्या माणसाला एकदा मारलं. तू त्याचं मरण घेऊन गेलास आणि मशीन घेऊन आलास. आणि माझ्याजवळ एवढी वर्षं जे होतं तेही आज नेलंस. खुन्याची मुलगी मी एखाद्या वेळी पदरात घेतली असती. तुझी नाही."

उमारा "अम्मा" म्हणाला. तिने त्याला हाताला धरून नेलं, लहान पोराला नेतात तसं. यागाना रडली नाही. ती भोपळे उचलून आत ठेवायला लागली, वाळलेले, ओले, सगळे.

ग्रेमा खुनी नाही हे सिद्ध झालं म्हणजे टोप्या यायला लागतील असं मला वाटलं होतं. टोप्या आल्या नाहीत. माणसं आली. एकेकटी, दिवेलागणीला, इकडेतिकडे बघत. मी कढईमागून बघत होते. ज्यांनी मशिदीत त्याच्यापासून अंग चोरलं होतं तेच. एक जण भजी घ्यायच्या निमित्ताने माझ्याकडे थांबला, तेव्हा मी विचारलं, "टोपी न घेता टोपीवाल्याकडे कशाला रे?"

"काही नाही, मावशी. तिथे काय काय विचारतात तेवढंच."

ग्रेमा कुणाला काही सांगत नव्हता. हात जोडून परत पाठवत होता. पण त्याने काही सांगितलं नाही तरी त्याच्या दारात मशीन दिसत होतं. मला त्या माणसांचा राग आला, आणि मग तो राग कुणावर ठेवावा कळेना, कारण त्यांच्या घरची चूल कितव्या दिवशी पेटते हे मला चांगलं माहीत होतं.

नंतर उमाराची गाडी गेली. गाडीच्या मालकाने ती आपल्या मेहुण्याला दिली. उमारा ओझी उचलायला बाजारात जाऊन उभा राहायचा, पण तिथे त्याच्यासारखे शंभर. हज्जा कारू माझ्याकडे भजी घ्यायची, ती कढईच्या तळाचा चुरा मागायला लागली. म्हणायची, कोंबड्यांना हवाय. तिच्याकडे कोंबड्या नव्हत्या.

एका सकाळी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "याकुरा, माझ्याबरोबर चल. एकटी गेले तर अर्ध्या वाटेतून परत फिरेन."

मी झारा ठेवला आणि गेले. ग्रेमाने तिला दारात पाहिलं आणि उभा राहिला. यागाना आत बसून टाके घालत होती, तिने सुई खाली ठेवली नाही.

"उमाराला शिकव," कारू म्हणाली.

"काय शिकवू?"

"ते. कुठून जायचं, हात कसे धरायचे, काय सांगायचं."

ग्रेमाने हात जोडले. "नको, हज्जा. मी परत आलो तेव्हा माझी पोर भीतीने रात्री माझ्याकडे पाठ करून झोपत नव्हती. हे धुऊन निघत नाही."

"न निघेना. पोटात अन्न असलं की लोकांचं बोलणं कमी ऐकू येतं."

"तो कचल्लाचा मुलगा आहे."

"म्हणूनच तुझ्याकडे आले. तू शिकवलं नाहीस तर खरोखरच रानात जाऊन बसेल. तिथेही जेवायला घालतात म्हणे, शरण यायच्या आधीच. निदान खोटा तरी होऊ दे त्याला."

मी मध्यस्थ. विचारणं माझं काम. "आणि लग्न?"

"मशीन घेऊन आला की याच घरात. कोला मी आणेन."

यागानाने सुई थांबवली. "आणि त्याला विचारलं, कुठल्या हल्ल्यात होतास, तर?"

बाकी सगळं कारूने ठरवून आणलं होतं. हे नव्हतं आणलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"काउवारी म्हणायचं नाही," शेवटी ती म्हणाली. "दुसरं कुठलंही म्हणू दे. असं गाव सांग, की जिथे मेलेल्यांचं कुणी आपल्या गल्लीत राहत नाही."

ग्रेमाने एक नाव घेतलं. मी म्हटलं, तिथला तो कोळसेवाला. यागानाने एक घेतलं. तिथली बुलामाची धाकटी सून. कारूने एक घेतलं आणि स्वतःच मान हलवली. आम्ही चौघं बराच वेळ तिथे उभे राहून गावं आठवत होतो, तळ्याकडची, डोंगराकडची, सरहद्दीकडची. असं एक गाव आम्हाला सापडेना.